बाबासाहेबांनी मागितलेले खिशातले पुस्तक

मागच्या वर्षावासातली गोष्ट. देवळाली प्रवरा येथे आमच्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होते. आषाढ पौर्णिमेला विहारात बसायला जागा नसते आणि भाद्रपद उजाडेपर्यंत पंधरा-वीस माणसे उरतात. त्यातल्या निम्म्या आज्या. बहुतेक गावांत असेच होते. त्या संध्याकाळी चौथ्या खंडातला पुनर्जन्माचा भाग आला. राहुरीला विज्ञान शाखेत शिकणारी एक मुलगी मध्येच म्हणाली, "आत्मा नाही म्हणता, मग पुन्हा जन्म कोणाचा?"

बाबासाहेबांनी नेमका हाच प्रश्न तिथे घेतला आहे. पुनर्जन्म कशाचा आणि पुनर्जन्म कोणाचा, असे त्याचे दोन वेगळे प्रश्न केले आहेत. पृथ्वी, आप, तेज, वायू ही शरीरातली तत्त्वे मृत्यूनंतर नष्ट होत नाहीत, ती बाहेरच्या तशाच तत्त्वांच्या साठ्यात मिसळतात, इथून सुरुवात करून आणि विज्ञानाचा दाखला देऊन ते पुढे जातात. पण वाचणाऱ्या दादांना ते आपल्या शब्दांत सांगता येईना. एका काकांनी मागच्या जन्मीचे कर्म काढले, म्हणजे ज्याचे बाबासाहेबांनी खंडन केले तेच सांगितले. दुसऱ्यांनी "शिबिराला बस, आपोआप कळेल" म्हणून विषय मिटवला. मुलीने वही बंद केली आणि विचारले, "यावर एखादे छोटे पुस्तक नाही का?"

आम्ही कपाट उघडले. वरच्या कप्प्यात महाराष्ट्र शासनाने 1979 पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंड. विटेएवढे जाड, आणि निम्म्यांची पाने अजून एकमेकांना चिकटलेली. खालच्या कप्प्यात वंदनेच्या पुस्तिका, भीमगीते, बाबासाहेब आणि रमाई यांची तीस-चाळीस पानी चरित्रे, 22 प्रतिज्ञांची पत्रके. ही सगळी हाताळून हाताळून मऊ पडलेली. मधला कप्पा रिकामा होता. तिथे माईकची वायर गुंडाळून ठेवली होती.

त्या मधल्या कप्प्याबद्दल आम्हाला बोलायचे आहे.

वरच्या कप्प्यातले पुस्तक अभ्यासक वाचतो. खालच्या कप्प्यातले श्रद्धेने वाचले जाते, पाठ केले जाते. मधल्या कप्प्यातले पुस्तक वेगळे असते. एकच विषय, शंभर-सव्वाशे पाने, त्या विषयात आयुष्य घालवलेला लेखक, पण वाचकाला आधीचे काहीच माहीत नाही असे धरून केलेली मांडणी. शिवाय चित्रे, नकाशे, छायाचित्रे. आणि आकार असा की कारखान्याच्या पाळीवर जाणाराही ते शर्टाच्या खिशात घालून नेऊ शकेल. अशी पुस्तके एकेकटी फारशी टिकत नाहीत, ती मालिकेत निघतात. एक आवडले की वाचक दुसरे उचलतो, त्या दुसऱ्या विषयाचे नावही त्याने आधी ऐकलेले नसले तरी.

फ्रान्समध्ये 1941 साली, म्हणजे ऐन महायुद्धात आणि जर्मन ताब्याखाली, पॉल आंगुलवां यांनी अशी एक मालिका सुरू केली. तिच्या नावाचा अर्थ 'मला काय ठाऊक आहे?' असा होतो. विषय कोणताही असो, पाने 128. छापखान्याच्या भाषेत आठ फॉर्मे. विद्वानांना हे बंधन जाचले असणार, पण त्यामुळेच काय गाळायचे याचा निर्णय लेखकाला घ्यावा लागला, तो वाचकावर ढकलता आला नाही. इंग्लंडमध्ये त्याआधी 1937 साली पेलिकन ही सहा पेनींची ज्ञानमाला निघाली होती आणि तिच्या पहिल्या संपादकांत आपले व्ही. के. कृष्ण मेनन होते. पण या मालिकांत चित्राला मान नव्हता. तो मान मिळाला 21 नोव्हेंबर 1986 रोजी. त्या दिवशी गालिमार या फ्रेंच प्रकाशन संस्थेने पिएर मार्शां यांच्या कल्पनेतून एक सचित्र खिसामाला बाजारात आणली. पहिले पुस्तक प्राचीन इजिप्तच्या शोधावर होते आणि ते इजिप्तच्या अभ्यासात मुरलेल्या ज्याँ व्हेरकुतेर यांनी लिहिले होते.

या मालेची घडण आपण नीट समजून घेतली पाहिजे. पुस्तक उघडले की आधी काही पाने नुसती चित्रे येतात, सिनेमा सुरू होण्यापूर्वी झलक दाखवावी तशी. मग शीर्षक. मग मजकूर, पण एकही पान चित्राशिवाय नाही. चित्राखालची ओळ म्हणजे नुसते नाव नसते. चित्रात काय पाहायचे आणि ते कोणत्या वादाशी जोडलेले आहे हे ती ओळ सांगते. घाईत असलेला माणूस फक्त चित्रे आणि त्यांच्या ओळी वाचून गेला तरी त्याच्या पदरात बरेच पडते. शेवटी रंग संपतात आणि साध्या काळ्या-पांढऱ्या पानांवर मूळ दस्तऐवज येतात: पत्रे, शिलालेखांची भाषांतरे, विरोधकांची मतेही. म्हणजे लेखक आधी तुम्हाला हात धरून नेतो आणि शेवटी पुरावा तुमच्या हातात ठेवतो. या मालेत पुढे पाचशेहून अधिक पुस्तके आली. त्यात ज्याँ ब्वासलिए यांचे बुद्धावरचे पुस्तकही आहे. आग्नेय आशियातील बौद्ध कलेचे ते मोठे अभ्यासक.

दुसरी वाट मेक्सिकोतून आली. रिऊस या नावाने चित्रे काढणाऱ्या एदुआर्दो देल रिओ या व्यंगचित्रकाराने 1972 साली मार्क्सवर पुस्तक केले. पानापानावर चित्र, बोलके फुगे, थट्टा, आणि मध्येच मार्क्सचे गंभीर विधान. ते 1976 साली इंग्रजीत आले आणि त्यातून नवशिक्यांसाठीची एक मोठी सचित्र माला जन्माला आली. त्या कुळात डार्विन आला, बुद्धही आला. हा स्वस्तातला मार्ग आहे. रंगीत छपाई नको, गुळगुळीत कागद नको. पण विषय पूर्ण पचवलेला माणूस आणि त्याच्याशी भांडू शकणारा चित्रकार, ही जोडी मात्र लागते.

हे सगळे परदेशातले झाले. आपला याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध बराच जुना आहे.

बाबासाहेब शाळेत शिकत असताना वस्तीतल्या लोकांनी त्यांच्या परीक्षेतल्या यशाबद्दल सभा भरवली. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर, म्हणजे दादा केळुसकर यांनी त्यांना आपले बुद्धचरित्र भेट दिले. हा प्रसंग आपण भाषणांत शेकडो वेळा ऐकतो. पण बाबासाहेबांनी स्वतः तो सांगताना आणखी एक तपशील नोंदवला आहे, तिकडे आपले लक्ष जात नाही: ते पुस्तक केळुसकरांनी बडोद्याच्या सयाजीरावांच्या ग्रंथमालेसाठी लिहिले होते. म्हणजे 1898 साली सर्वसामान्य मराठी वाचकासाठी निघालेल्या एका मालिकेतले ते पुस्तक होते. ते वाचून मुलाने वडिलांना जाब विचारला, की तुम्ही आम्हाला रामायण-महाभारत वाचायला लावले, बौद्ध साहित्याची ओळख का करून दिली नाही? हा सगळा मजकूर 'द बुद्धा अँड हिज धम्म'च्या प्रस्तावनेत आहे. ती प्रस्तावना 1957 च्या पहिल्या आवृत्तीत छापली गेली नव्हती, त्यामुळे जुन्या पिढीतल्या अनेकांच्या वाचनातून ती सुटली. ग्रंथमालेचे एक पुस्तक योग्य हातात पडले तर काय होते याचा याहून मोठा दाखला आम्हाला माहीत नाही.

आणि 1950 साली बाबासाहेबांनी अशा पुस्तकाची उघड मागणीच केली. महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात त्या वर्षीच्या वैशाखात त्यांचा 'बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य' हा लेख आला. त्यात त्यांनी धम्मप्रसारातली एक अगदी व्यावहारिक अडचण दाखवली. बौद्ध वाङ्मय समुद्रासारखे अफाट आहे. ज्याला सार हवे आहे त्याने तो समुद्र पोहून जावा अशी अपेक्षा करता येत नाही. इतर धर्मांकडे कुठेही नेता येईल, कुठेही वाचता येईल असा एक सुटसुटीत ग्रंथ आहे, बौद्धांकडे नाही. धम्मपदाने ती गरज भागत नाही, असेही त्यांनी स्पष्ट लिहिले. मग त्या पुस्तकात काय असावे याची यादी दिली: बुद्धाचे संक्षिप्त चरित्र, चिनी धम्मपद, बुद्धाचे काही महत्त्वाचे संवाद, आणि जन्म, दीक्षा, विवाह, मृत्यू या प्रसंगांचे विधी. भाषेवरही त्यांचा कटाक्ष होता. ती सुबोध हवी, मनाची पकड घेणारी हवी.

पुढे त्यांनी स्वतःच लिहायला घेतले. दुखणे वाढत असताना हा ग्रंथ पूर्ण झाला. छोटे परिच्छेद, प्रत्येकाला क्रमांक, मोठ्याने वाचता यावे अशी बांधणी. 1950 च्या लेखातली मागणी त्या मांडणीत दिसते. पण ग्रंथ खिशात मावण्याएवढा राहिला नाही, आणि छापायला पैसे नव्हते. 14 सप्टेंबर 1956 रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. छपाईला सुमारे 20,000 रुपये लागतात, ते आपल्या आवाक्याबाहेर आहे, बुद्ध जयंतीच्या निमित्ताने सरकारने ग्रंथालयांसाठी 500 प्रती घ्याव्यात, असे त्यात होते. नेहरूंनी उत्तर दिले की त्यासाठी ठेवलेली रक्कम संपली आहे. बाबासाहेबांच्या हयातीत तो ग्रंथ बाहेर आला नाही. ज्यांनी 1936 साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'च्या 1,500 प्रती स्वखर्चाने छापल्या आणि ज्यांच्या त्या प्रती दोन महिन्यांत संपल्या, त्यांच्यावर ही वेळ आली.

तेव्हापासून आजपर्यंत आपण पुस्तकांवर प्रेम केले नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपुढे जी झुंबड उडते तशी कोणत्याही साहित्य संमेलनात उडत नसेल. पोटाला चिमटा काढून आलेली माणसे पुस्तक घेऊन परततात. पण आमच्या घरांत त्या झुंबडीतून काय आले हे पाहिले तर बहुतेक चरित्र, गौरव, गीत आणि वंदना. एकाच चरित्राची सात वेगवेगळ्या मुखपृष्ठांची पुस्तके एका घरात सापडली. रुपयाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी काय म्हटले, कलम 32 म्हणजे काय, नागार्जुन कोण होता, पाली भाषा कशी वाचायची, यावर सव्वाशे पानांत चित्रांसह सांगणारे मराठी पुस्तक मुलाच्या हातात द्यायचे म्हटले तर आम्ही अडतो. ती पोकळी आता मोबाईलने भरली आहे. बाबासाहेबांच्या नावावर खपवलेली, त्यांनी कधीच न लिहिलेली वाक्ये आमच्याच गटांवर सकाळी सकाळी येतात आणि आम्हीच ती पुढे पाठवतो.

चित्राबद्दल आपल्याकडे एक अढी आहे, तिचेही बोलून टाकू. चित्रांचे पुस्तक म्हणजे लहान मुलांचे, असे आपल्या कार्यकर्त्यांना वाटते. भारहुतच्या स्तूपाची वेदिका पाहा. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातले ते काम. जेतवन दानाच्या शिल्पात अनाथपिंडिक आहे, बैलगाडीतून उतरवलेली नाणी आहेत, ती नाणी जमिनीवर अंथरणारी माणसे आहेत. आणि खाली ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरली आहे, की कोटी नाणी अंथरून विकत घेतलेले जेतवन अनाथपिंडिक दान करतो आहे. अनेक जातक शिल्पांवर अशीच नावे कोरलेली आहेत. चित्र आणि त्याखाली एक ओळ. रिऊसच्या दोन हजार वर्षे आधी आपल्याच शिल्पींनी हे केले, आणि ते मोठ्या माणसांसाठी केले.

अलीकडचे उदाहरण घ्यायचे तर नवयान प्रकाशनाचे 'भीमायन'. 2011 साली इंग्रजीत आलेल्या या पुस्तकात बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनाचा आधार आहे. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची. त्यांनी पात्रांना चौकटीत कोंबायला नकार दिला. पानभर चित्र मोकळे वाहते. ज्याचे बोलणे मवाळ आहे त्याचा संवाद पक्ष्याच्या आकारात येतो. ज्याच्या बोलण्यात जातीचे विष आहे त्याच्या संवादाला विंचवाची नांगी आहे. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या पोराचे चित्र पाहून विंचवाची नांगी कोणाच्या तोंडी आहे हे न वाचताही कळते. आमच्या विहारात हे पुस्तक फिरवले तेव्हा ज्या आजींना इंग्रजी येत नाही त्यांनी ती नांगी आधी ओळखली, पदवीधरांनी नंतर.

एवढे सगळे बोलून झाल्यावर गप्प बसणे शक्य नव्हते. आम्ही सात-आठ जणांनी एक प्रयोग करायचे ठरवले. पुनर्जन्माचा विषय पहिल्याच फटक्यात घ्यायची हिंमत झाली नाही. ज्याला हात लावून पाहता येईल असा विषय घेतला: नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतला, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातला उषवदाताचा शिलालेख. देवळाली प्रवऱ्याहून नाशिकला एका दिवसात जाऊन येता येते, त्यामुळे सहलीत तो बऱ्याच जणांनी पाहिला होता. पाहिला म्हणजे त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढला होता.

लेख इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने लेणे संघाला दिले आणि त्याबरोबर 3,000 कार्षापणे अक्षयनीवी म्हणून ठेवली. अक्षयनीवी म्हणजे कायमची ठेव. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, असे लेखात स्पष्ट आहे. ही रक्कम त्याने राजाच्या खजिन्यात ठेवली नाही. गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली: 2,000 एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा 1 व्याजाने, आणि 1,000 दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्खूंपैकी प्रत्येकाला चीवरासाठी 12 कार्षापणे मिळावीत, असे त्यात आहे.

आमच्यातला एक जण पतसंस्थेत कारकून आहे. त्याने वहीच्या मागे आकडे मांडले. 2,000 वर महिन्याला 20, वर्षाला 240. आणि 20 भिक्खूंना प्रत्येकी 12 म्हणजे 240. पै न पै जुळली. तो क्षणभर काही बोललाच नाही. मग म्हणाला, "हा तर आमच्या संस्थेसारखा हिशेब आहे, फक्त आमचा जुळत नाही." दुसऱ्या ठेवीचे वर्षाला 90 येतात, ते भिक्खूंच्या दुसऱ्या एका गरजेसाठी, त्या शब्दाच्या नेमक्या अर्थावर अभ्यासकांचे एकमत नाही. हा सगळा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला गेला आणि त्याची नोंद झाली, असेही दगडात कोरले आहे. दान दिले, मोजले, जाहीर केले, लिहून ठेवले. आपल्या विहारांच्या हिशेबाच्या वह्यांबद्दल इथे काही लिहीत नाही.

ए-फोर कागदाला दोन घड्या घातल्या, कडा कापल्या आणि मधोमध पीन मारली की आठ पानांची, तळहाताएवढी पुस्तिका होते. झेरॉक्सच्या दुकानात तेवढे काम सहज होते. पहिल्या पानावर लेण्याचे दार. दुसऱ्यावर माग आणि विणकर. मधल्या जोडपानावर नाण्यांच्या दोन ढिगांतून निघणारे वीस छोटे ढीग आणि समोर वीस चीवरे. त्या चित्राला मजकूर लागतच नाही, लहान पोरही मोजते. शेवटच्या पानावर मूळ लेखाचे भाषांतर, फ्रेंच मालेचा कित्ता गिरवून. एमिल सेनार यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात केलेल्या वाचनावरून ते मराठीत आणले आणि पालीचे शिक्षण घेतलेल्या एका भन्तेंना दाखवले.

पहिल्या खर्ड्यातच चुका निघाल्या. चित्रकाराने, तो भीमजयंतीचे फलक रंगवतो, नाणी सोनेरी केली होती. कार्षापणे चांदीची. सुवर्ण हे नाणे वेगळे, आणि 35 कार्षापणांचे एक सुवर्ण असा भावही त्याच लेखात दिला आहे. भिक्खूंच्या मागे आम्ही सवयीने मोठी बुद्धमूर्ती काढली होती. त्या काळात लेण्यांत मूर्ती नव्हती, स्तूप होता. मूर्ती पुसली तेव्हा आजी नाराज झाल्या. त्यांना समजावण्यातच एक नवे पान तयार झाले.

खरा वाद पुढे झाला. याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात उषवदाताने ब्राह्मणांना दिलेल्या दानांची मोठी यादी आहे: तीन लाख गायी, सोळा गावे, वर्षाला एक लाख ब्राह्मणांना भोजन. आमच्यातल्या तिघांचे म्हणणे पडले की हे पुस्तिकेत घालायचे नाही, विरोधकांच्या हातात कोलीत कशाला द्यायचे. दोन बैठका यावर गेल्या. शेवटी ते पान राहिले. कारण साधे होते. दगड तिथेच आहे आणि तो कोणीही वाचू शकतो. आपल्या पोराला ते आपल्या पुस्तकात न कळता दुसऱ्याच्या तोंडून कळले तर ते आपल्या पुढच्या कोणत्याही पानावर विश्वास ठेवणार नाही. राजघराण्यातला दाता सगळ्यांनाच देत असे, आणि तरी संघाने त्या पैशाची व्यवस्था विणकरांच्या हाती कशी राहू दिली, हा प्रश्न त्यामुळे उलट जास्त चांगला झाला. त्या तिघांपैकी एक जण अजून नाराज आहे. त्याचेही चुकते असे आम्ही म्हणत नाही. ज्याला गावात रोज टोमणे ऐकावे लागतात त्याला तोल सांभाळा असे सांगणे सोपे असते.

पातळ पुस्तिकेला काय किंमत द्यावी लागते हेही आपल्याच पट्ट्यातल्या माणसाने दाखवले आहे. इथून जवळ, प्रवरेच्या काठावर कोल्हार आहे. कॉम्रेड गोविंद पानसरे तिथले. त्यांचे 'शिवाजी कोण होता?' हे आधी भाषण होते, 1988 साली पुस्तिका झाली. इतिहासाच्या अभ्यासकांत जे पक्के ठरले होते ते त्यांनी बाजारात भाजी विकणाऱ्यालाही समजेल अशा मराठीत सांगितले. तिच्या लाखाहून अधिक प्रती गेल्या, इतर भाषांत ती गेली. 16 फेब्रुवारी 2015 रोजी कोल्हापुरात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि 20 तारखेला त्यांचे निधन झाले. त्या पुस्तिकेत चित्रे नाहीत, पण मधल्या कप्प्यातले पुस्तक कसे असावे याचा तो नमुना आहे. नाव प्रश्नार्थक, वाक्ये छोटी, आणि प्रत्येक विधानामागे पुरावा. तरुण कार्यकर्त्यांनी ती एकदा मजकुरासाठी वाचावी आणि दुसऱ्यांदा नुसती मांडणी कशी केली आहे हे पाहण्यासाठी.

आमच्या आठ पानांच्या शंभर प्रती काढल्या. वाटून टाकल्या नाहीत, दहा रुपये घेतले. फुकट मिळालेले पत्रक माणूस चणे-फुटाण्याच्या पुडीसारखे वापरतो. अश्विन पौर्णिमेपर्यंत प्रती संपल्या. पुनर्जन्माचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीने आता तो विषय स्वतःच अंगावर घेतला आहे. तिचा खर्डा सोळा पानांचा आहे आणि त्यात एकही चित्र तिला पसंत पडत नाही. आत्म्याचे चित्र काढता येत नाही हे ठीक, पण आत्मा नसल्याचे चित्र कसे काढायचे, यावर ती आणि आमचा फलक रंगवणारा चित्रकार अजून भांडत आहेत. सध्या एका दिव्याने दुसरा दिवा लावण्याच्या जुन्या दृष्टांतावर दोघांची गाडी थांबली आहे. तिचे म्हणणे, बाबासाहेबांनी दिलेले उत्तर या दृष्टांतात पूर्ण बसत नाही. तिचे बरोबर आहे असे आम्हाला वाटते.

मागच्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर सत्तरी ओलांडलेले एक बाबा थांबले. त्यांनी लेण्यांची पुस्तिका घेतली नव्हती. पिशवीतून त्यांनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला सातबारा काढला. त्यावर भोगवटादार वर्ग 2 असा शेरा होता आणि जुन्या उताऱ्यावर इनाम वर्ग 6 ब. महार वतनाची जमीन. हे वतन मोडण्यासाठी बाबासाहेबांनी 19 मार्च 1928 रोजी मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले होते, ते पुढे मागे घ्यावे लागले. डिसेंबर 1939 मध्ये आमच्या शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला महार वतनदारांच्या परिषदेत ते स्वतः येऊन बोलले. वतने रद्द करणारा कायदा झाला 1958 सालचा. त्यानुसार जमिनी फेरप्रदान झाल्या, पण जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येणार नाहीत ही अट राहिली. बाबांना यातले निम्मे माहीत होते. निम्मे त्यांना जमिनीवर डोळा असलेल्या दलालाने सांगितले होते, आणि ते खोटे होते.

"लेण्याचं पुस्तक चांगलं केलंत म्हणतात पोरं," ते म्हणाले, "पण ह्या कागदावर काय लिहिलंय त्याचं चित्र कधी काढता?"

सातबाऱ्याची झेरॉक्स आम्ही ठेवून घेतली आहे. महसूल कायदा जाणणारा वकील मिळाला आहे. चित्रकाराने पहिल्या पानासाठी हरेगावच्या त्या परिषदेचे चित्र काढायला घेतले आहे. ज्यांच्या घरात त्या परिषदेचा फोटो, पत्रक किंवा आजोबांच्या तोंडची आठवण असेल त्यांनी विहारात येऊन दाखवावी, म्हणजे या वेळी नाण्यांसारखी चूक होणार नाही.